आधी वेळापत्रक, मग रूळ: आठ फुटांच्या फळीवर बार्शी लाइटचा फाटा

रूळवाट

मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांना जमिनीवर पसरलेला गोल रूळ आणि त्यावर फिरणारी गाडी आठवते. मला एका वेगळ्या मांडणीबद्दल लिहायचं आहे. फाट्यावरचं एक शेवटचं स्टेशन, एक इंजिन, आठ-दहा वाघिणी, दोन डबे. ही मांडणी भिंतीलगतच्या एका फळीवर मावते आणि वर्षानुवर्षं चालवली तरी कंटाळा येत नाही, कारण इथे गाडीला रोज काहीतरी काम असतं.

विषय म्हणून मी बार्शी लाइट रेल्वे घेतली आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही २ फूट ६ इंची नॅरोगेज. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज जोडलं गेलं. सगळी मिळून सुमारे ३२५ किलोमीटर. १ जानेवारी १९५४ ला ती सरकारने ताब्यात घेतली आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने तिचं ब्रॉडगेज झालं. कॅल्थ्रॉपचं म्हणणं असं होतं की इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे हलके रूळही पुरतात आणि त्यांवरून खरोखरीचा माल वाहता येतो. गरीब मुलखाला परवडेल अशी पण पूर्ण क्षमतेची रेल्वे त्याला बांधायची होती, आणि त्याने ती बांधली. मला तो माणूस यासाठी फार आवडतो.

मॉडेल करणाऱ्यासाठी या गेजमध्ये, म्हणजे रुळांमधल्या अंतरात, आणखी एक सोय आहे. २ फूट ६ इंच म्हणजे ७६२ मिमी. त्याला ८७ ने भागलं तर ८.७६ येतात. एन स्केल नावाच्या आणखी लहान मापाचा तयार रूळ ९ मिमीचा असतो. म्हणजे १:८७ च्या एचओ मापात घरं, माणसं, बैलगाड्या करायच्या, आणि रूळ व चाकं एन स्केलची वापरायची. युरोपात याला एचओई म्हणतात, अमेरिकेत एचओएन-३०. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. कुर्डुवाडी ते बार्शी अंतर सुमारे ३४ किलोमीटर. १:८७ मध्ये करायला गेलं तर ३९० मीटर रूळ लागेल. म्हणजे मार्गाची प्रतिकृती कुणीच करू शकत नाही, काहीतरी सोडावंच लागतं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कशावरून ठरवायचं? माझं ठाम मत आहे की ते मालावरून ठरवावं. रूळ विकत आणण्याआधी एक कागद घ्या आणि या स्टेशनात दिवसभरात काय येतं, काय जातं, कोण चढतं, कोण उतरतं ते लिहून काढा.

माझं स्टेशन काल्पनिक आहे, नाव माळवाडी. बार्शी-लातूर पट्ट्यातून निघालेला एक छोटा फाटा, काळ १९५५ च्या आसपासचा. बाहेर जाणार ज्वारी, करडई, भुईमूग आणि कापसाचे गठ्ठे. आत येणार मीठ, रॉकेल, कापड, लोखंडी पत्रे आणि इंजिनासाठी कोळसा. सकाळी मिक्स्ड (उतारू आणि माल दोन्ही नेणारी) गाडी येते, दुपारी परत जाते, संध्याकाळी पुन्हा येते. आषाढीला जादा गाडी. कागदावर एवढं आलं की स्टेशन आपोआप आखलं जातं. धान्याला मालधक्का हवा, गठ्ठ्यांना जिनिंगची सायडिंग (बाजूचा रूळ) हवी, कोळशाला एक छोटी बाजूची लाइन, आणि इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायला फलाटासमोर लूप, म्हणजे दोन्ही टोकांना जोडलेली समांतर लाइन. याहून एकही सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) जास्त टाकायचं कारण उरत नाही.

फळीचं माप: ८ बाय ४ च्या १२ मिमी प्लायची शीट फुटाफुटाच्या पट्ट्यांत उभी चिरून घेतली की एक पट्टी म्हणजे एक मांडणी. उरलेल्या पट्ट्यांतून खालचा सांगाडा होतो. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कडांना प्रायमर मारा. उन्हाळ्यात धातूचा रूळ फुगतो अशी भीती सगळे घालतात, पण तीन मीटरच्या रुळात २० अंशांच्या फरकाने जेमतेम एक मिलिमीटर वाढ होते. रूळ वाकडे होतात ते मुख्यतः पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं म्हणून. तरी जोडावर अर्धा मिलिमीटर फट ठेवाच.

डाव्या टोकाला लाकडी भिंतीला भोक, आणि त्यापलीकडे काढता येणारी ९० सेंमीची फळी. ती माझी ‘कुर्डुवाडी’. बाकीचं सगळं जग तिथे आहे. तिथे सांधे घातलेले नाहीत, कॅसेट आहेत: प्लायच्या पट्टीवर ९ मिमी अंतराने अ‍ॅल्युमिनियमचे दोन बारीक अँगल उभे चिकटवायचे, उभ्या पात्याच्या कडेवर चाकं चालतात आणि वीजही त्यातूनच जाते. गाडी आत आली की अख्खी कॅसेट उचलून फिरवायची आणि दुसरी लावायची. जोड पक्का राहायला दोन बुलडॉग क्लिपा. हार्डवेअरच्या दुकानातला अँगल आणि स्टेशनरीच्या दुकानातल्या क्लिपा, एवढ्यात यार्ड तयार.

इंजिनाबद्दल: काटो कंपनीचं डी-५१ हे जपानी इंजिन एन स्केलमध्ये, म्हणजे १:१५० मध्ये मिळतं. २-८-२ चाकरचना, म्हणजे पुढे दोन छोटी, मध्ये आठ मोठी आणि मागे दोन छोटी चाकं. खऱ्या डी-५१ चं मोठं चाक १४०० मिमीचं, मॉडेलमध्ये ते ९.३ मिमी होतं. १:८७ ने मोजलं तर तेच ८१० मिमीच्या आसपास, म्हणजे नॅरोगेजच्या इंजिनाला शोभेल असं. बार्शीवर नंतरच्या काळात २-८-२ इंजिनं होतीच. वरची बॉडी मी प्लॅस्टिक शीट कापून केली आहे, चिमणी आणि घुमट लेथवर पितळेतून काढून घेतले.

कुणाच्या घरी असं काही चालू असेल तर इथे नक्की लिहा. मोजमापं, नकाशे, काहीही.

नवखा_प्रवासी

लेख दोनदा वाचला. पहिलाच प्रश्न प्राथमिक आहे, चालेल ना? माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिला गाडी सतत फिरताना बघायची आहे. फळीवरच्या स्टेशनात गाडी आली आणि थांबली, यात तिला मजा येईल का? आणि आमच्याकडे आठ फूट भिंत मोकळी नाही, चार फूट आहे.

रूळवाट

चार फुटांत होतं. ‘इंगलनुक’ नावाचा ब्रिटिश शंटिंगचा, म्हणजे इंजिनाने वाघिणी इकडून तिकडे हलवण्याचा, खेळ शोधून बघा. दोन सांधे, तीन सायडिंग. एकीत पाच वाघिणी मावतात, बाकी दोन्हीत तीन-तीन. पुढे इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढीच जागा. एकूण वाघिणी आठ. प्रत्येक वाघिणीची एक अशा आठ चिठ्ठ्यांमधून पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. क्रमांच्या शक्यता ६७२० आहेत, त्यामुळे पाठ होत नाही. १० सेंमीच्या वाघिणींना चार फूट पुरतात.

मुलीचं म्हणाल तर चिठ्ठ्या तिला काढू द्या आणि सांधेही तिच्याच हातात द्या. माझ्या भाच्यांचा अनुभव असा आहे की गोल फिरणारी गाडी मुलं बघतात, आणि शंटिंग ती स्वतः करतात. पण तिला फिरणारीच गाडी आवडत असेल तर तेही करा. कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात एकदा तिला घेऊन जा. तिथे कितीतरी गाड्या एकाच वेळी चालताना दिसतात, तिला काय आवडतं ते तिथेच कळेल.

कुर्डुवाडीकर_काका

रूळवाट, वाचून फार आनंद झाला. आमच्या घरात नॅरोगेजची नोकरी होती, त्यामुळे दोन शब्द कामाच्या पद्धतीबद्दल.

मिक्स्ड गाडीत वाघिणी इंजिनाला लागून ठेवा, डबे मागे, आणि सगळ्यांत शेवटी गार्डाचा डबा. माळवाडीला गाडी लागली की डबे फलाटावरच राहतात, पुढच्या वाघिणी घेऊन इंजिन कामाला जातं. उतारू बसलेले डबे शंटिंगमध्ये ओढायचे नसतात. परतीच्या गाडीत गार्डाचा डबा पुन्हा मागे यायला हवा, म्हणजे लूपमधून इंजिन फिरवून तो बाजूला काढणं हे एक जास्तीचं काम. मॉडेलवाले हेच विसरतात, आणि खरं तर सगळ्यांत सुंदर हालचाल तीच.

दुसरं, सायडिंगचं तोंड. येणाऱ्या गाडीचं इंजिन ज्या सायडिंगमध्ये थेट मागे ढकलून वाघीण लावू शकतं ती सोपी. जिचं तोंड उलट आहे तिथे आधी इंजिनाला फिरून मागे यावं लागतं. मालधक्का सोपा ठेवा आणि जिनिंगची सायडिंग उलट तोंडाची ठेवा. मग रोजच्या कामात आपोआप चव येईल.

तिसरं, काठी. शेवटच्या फाट्यावर एका वेळी एकच गाडी. ज्या ड्रायव्हरच्या हातात काठी, मार्ग त्याचा. मोठ्या एकेरी मार्गांवर नील्सचं बॉल टोकन यंत्र असायचं, त्यातून गोळा काढल्याशिवाय गाडी सुटत नसे. घरच्या मांडणीत एक रंगवलेली काडी करा आणि कुर्डुवाडीच्या फळीजवळ खुंटीवर टांगा. हातात काठी नसेल तर रेग्युलेटरला हात लावायचा नाही. दोघं जण चालवत असाल तर या एका नियमाने सगळा नूर बदलतो.

आणि वेग! मॉडेल फार जोरात पळवतात. अशा फाट्यावर ताशी २५ किलोमीटर म्हणजे चांगला वेग. १:८७ मध्ये तो सेकंदाला ८ सेंमी होतो. तुमची आठ फुटी फळी पार करायला अर्धा मिनिट लागायला हवा. यार्डात त्याच्या तिप्पट सावकाश.

यॉर्कशायरची_मीनल

मी लीड्सला राहते, म्हणून हे वाचताना अंगावर रोमांच आले. बार्शीची पहिली ०-८-४ टँक इंजिनं (पाण्याची टाकी स्वतःवरच वाहणारी) इथल्याच किट्सन कारखान्यातली. वाघिणींच्या दाबून घडवलेल्या पोलादी चौकटी लीड्स फोर्जच्या. हे सगळं सामान भारतात पाठवण्याआधी कॅल्थ्रॉपने शहराजवळ न्यूले इथे तात्पुरता रूळ टाकून लोकांना चालवून दाखवलं होतं. आज त्या बाजूने जाताना काहीच खूण दिसत नाही, पण मला दर वेळी बार्शी आठवते. माझं आजोळ तिकडचंच.

मॉडेल करणाऱ्यांसाठी उपयोगाची गोष्ट ही: बार्शीनंतर कॅल्थ्रॉपने स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही त्याच गेजची छोटी रेल्वे केली, १९०४ ला ती सुरू झाली. तिची किट्सनची २-६-४ टँक इंजिनं बार्शीच्या वळणाची होती, समोर मोठा दिवासुद्धा तसाच. त्या रेल्वेवर इकडचे मॉडेलवाले अतोनात प्रेम करतात, त्यामुळे तिचे नकाशे आणि किट मिळतात. मात्र ती १:७६ च्या मापात, म्हणजे ओओ-९ मध्ये असतात. थेट वापरू नका, तपशील घ्या: टाक्यांचे रिव्हेट, दिव्याचा आकार, डब्याच्या टोकाचा सज्जा.

हाच कॅल्थ्रॉप पुढे विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटवर काम करत राहिला. त्याच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. माणसांचा जीव आणि माल दोन्ही सुखरूप खाली आणायची त्याला फार काळजी.

सांधेवाला

विजेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो. फळीवरच्या मांडणीत गाडी सावकाश चालते, आणि सावकाश चालणारी गाडीच अडकते. आठ चाकांचं इंजिन असलं तरी ९ मिमीच्या रुळावर चाकं लहान, वजन कमी.

एक, प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतंत्र तार डाखा. जोडपट्टीवर वीज वाहून नेण्याचं काम सोपवू नका, आपल्या हवेत ती दोन पावसाळ्यांत ढिली आणि काळी पडते. दोन, सांध्याचा मधला फ्रॉग (दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो तुकडा) धातूचाच घ्या आणि त्याची ध्रुवता (धन-ऋण) सांध्याबरोबर बदलू द्या. यासाठी महागडी मोटर नको. साधा डबल पोल स्लाइड स्विच फळीच्या कडेला लावा, त्याच्या खुंटीत पोलादी तार अडकवून ती सांध्याच्या पट्टीपर्यंत न्या. स्विच सरकवला की सांधा हलतो आणि फ्रॉगची वीजही बदलते. एकाच कृतीत दोन्ही, आणि सांधेवाल्याने तरफ ओढल्याचा भास होतो तो वेगळाच.

तीन, कंट्रोलर, म्हणजे गाडीचा वेग बदलणारी पेटी. जुन्या प्रकारचा, कमी फ्रिक्वेन्सीचा पल्स (तुटक वीज) देणारा कंट्रोलर कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरला तापवतो. छोट्या इंजिनांत हल्ली कोअरलेस मोटर सर्रास असते. तिथे गुळगुळीत डीसी वापरा.

डीसीसी, म्हणजे रुळातूनच इंजिनातल्या चिपला (डिकोडरला) डिजिटल हुकूम देणारी पद्धत, करावं का? माझं मत आहे की हो, एक इंजिन असलं तरी. डिकोडरसोबत कपॅसिटर बसवला तर धुळीच्या ठिपक्यावर इंजिन थांबत नाही. रूळ पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती कापड. सॅण्डपेपर कधीही नाही, त्याच्या ओरखड्यांत घाण बसते.

रूळवाट

काका, गार्डाच्या डब्याची गोष्ट आणि काठी दोन्ही माझ्या वहीत गेल्या. जिनिंगच्या सायडिंगचं तोंड माझ्या नकाशात आधीपासून उलट आहे हे वाचून बरं वाटलं.

सांधेवाला, स्लाइड स्विचबद्दल पूर्ण सहमत, माझे सगळे सांधे तसेच आहेत. डीसीसीबद्दल मात्र थोडं वेगळं मत. एका वेळी एकच गाडी असलेल्या फाट्यावर डीसीला काही कमी नाही, आणि आयात केलेल्या डिकोडरच्या पैशांत दोन वाघिणींची चाकं येतात. नवीन माणसाने आधी चाकं घ्यावीत. धातूची चाकं, एकाच गेजला तपासलेली, आणि प्रत्येक वाघिणीचं वजन सारखं. गाडी रुळावरून उतरायची निम्मी कारणं तिथेच संपतात. कॅल्थ्रॉपचा सारख्या भाराचा नियम मॉडेललाही लागू पडतो.

सांधेवाला

चाकं आधी, हे मान्य. डिकोडर दुसऱ्या वर्षी.

मृण्मयी_के

मी रेल्वेवाली नाही, मातीकाम करते. एका मित्राच्या मांडणीसाठी सोलापूरकडची जमीन करून दिली होती, त्यातलं थोडं सांगते, कारण बाजारात मिळणारं तयार सामान इंग्लंडच्या हिरव्या रंगाचं असतं. आपला माळ तसा नसतो.

काळी माती खरीच वापरा. आधी तव्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजून घ्या, म्हणजे किड्यांची अंडी मरतात. मग चहाच्या गाळणीतून आणि नंतर जुन्या ओढणीतून चाळा. चिकटवल्यावर माती दोन छटा गडद होते, म्हणून आधीच थोडी राखाडी पावडर मिसळा. फेव्हिकॉल पाण्यात निम्म्याने पातळ करून त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि ड्रॉपरने सोडा. साबण नसेल तर पाण्याचे मणी होतात आणि खडी वाहून जाते.

खडीबद्दल एक फार महत्त्वाची सूचना. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. खडी फोडणाऱ्यांकडची बारीक पूड दिसायला अगदी खरी, पण ते कण मोटरच्या चुंबकाकडे ओढले जातात आणि गिअरमध्ये बसतात. कागदाखाली नाही, पुडीच्या आतून जोरदार चुंबक फिरवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. जे चिकटतं ते फेकून द्या, आणि काहीच चिकटेनासं होईपर्यंत फिरवत राहा. कोकणातली काळी वाळू तर आणूच नका.

सुकलेल्या गवताला नारळाचा काथ्या, बारीक कापून, तुकडे उभे रोवून. झाडांच्या फांद्यांना वाळलेली तुळस उत्तम, तिच्या काड्या बारीक बारीक फुटत जातात. बाभळीचा आकार वरून चपटा ठेवा आणि पानं विरळ, आरपार दिसलं पाहिजे. कडुनिंब मात्र गोल आणि दाट. स्टेशनजवळ एक कडुनिंब, त्याखाली पार, आणि बाकी सगळीकडे रिकामा माळ. रिकामी जागा सोडायला धीर लागतो, पण आठ फुटांची फळी मोठी दिसते ती त्यामुळेच. मागच्या भिंतीवरचं आभाळ निळं रंगवू नका. एप्रिलमध्ये तिकडचं आभाळ क्षितिजाजवळ जवळजवळ पांढरं असतं.

कुर्डुवाडीकर_काका

मृण्मयीताई, पांढऱ्या आभाळाचं अगदी बरोबर. आणि फलाट उंच करू नका. अशा छोट्या स्टेशनांत फलाट जमिनीलगतच असायचा, डब्याच्या पायऱ्या चढूनच वर जायचं.

नवखा_प्रवासी

चार फुटांची फळी नक्की केली. पण एक शंका. मला लहानपणापासून ब्रॉडगेज जवळची. एचओ मापात भारतीय ब्रॉडगेजचा फाटा केला तर गेज बरोबर येतं का? आणि वाघिणींच्या चिठ्ठ्या तुम्ही कशा करता, तेही सांगाल का?

रूळवाट

बरोबर येत नाही. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ मध्ये ते १९.३ मिमी व्हायला हवं. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिमीचा, कारण तो १४३५ मिमीच्या युरोपीय गेजसाठी आहे. समोरून बघितलं की डबा अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. बहुतेक जण ते चालवून घेतात, कारण तयार इंजिनं आणि डबे त्याच मापात मिळतात, आणि बाजूने बघताना फरक जाणवत नाही. स्वतःच सगळं बांधणार असाल तर १:१०० चं माप घ्या. १६७६ ला १०० ने भागलं की १६.७६, म्हणजे तोच १६.५ चा रूळ जवळपास अचूक बसतो. पण मग मोटारींसारखं बाकीचं सगळं स्वतः करावं लागेल. इमारतींची मॉडेलं करणाऱ्यांकडे १:१०० ची माणसं मिळतात, ती उपयोगी पडतील. चार फुटांत ब्रॉडगेज बसवायचं तर चारचाकी वाघिणीच घ्या, बोगीच्या लांब वाघिणी नकोत.

चिठ्ठ्यांचं असं: प्रत्येक वाघिणीचं एक जाड कार्ड, त्यावर नंबर आणि प्रकार, खाली एक खिसा. खिशात मालाची चिठ्ठी. एका बाजूला ‘मीठ, कुर्डुवाडीहून माळवाडी मालधक्का’, उलट बाजूला ‘रिकामी, जिनिंगला द्या’. गाडी आली की कार्डं बघून शंटिंग, काम संपलं की चिठ्ठी उलटी करायची, आणि तिसऱ्या फेरीला नवी चिठ्ठी. मीठ आणि रॉकेल एकाच वाघिणीत जाणार नाही, कापसाचा गठ्ठा इंजिनाला लागून ठेवायचा नाही, असे दोन-तीन नियम घाला. घड्याळ चौपट वेगाने धरा, म्हणजे दीड तासात माळवाडीचे सहा तास होतात. सकाळची मिक्स्ड येऊन, काम उरकून, दुपारी परत सुटायला तेवढे पुरतात.

तुमच्या चार फुटी मांडणीला मालाची यादी काय ठरवली ते इथे टाका, त्यावरून सायडिंगची तोंडं कुठे ठेवायची ते काका आणि मी सांगतो.

नवखा_प्रवासी

साखर कारखाना. आत येणार चुनखडी, गंधक आणि रिकामी पोती, बाहेर जाणार साखर. मुलीने कारखान्याची चिमणी पांढऱ्या-लाल पट्ट्यांची हवी म्हणून आत्ताच सांगून ठेवलंय.

कुर्डुवाडीकर_काका

मग साखरेचं गोदाम पाच वाघिणींच्या सायडिंगवर, चुनखडी आणि गंधक तीनच्या एकीवर, आणि दुसरी रिकामी ठेवा. रिकामी लाइन नसेल तर वाघिणी हलवायच्या कुठे?